पोटखराबातली माणसं

परवा फुलचूरच्या रस्त्यावर भाजीवालीच्या टोपलीत लाखोरीची कोवळी भाजी दिसली, आणि मी घरी येऊन कपाटातला मोजायचा टेप बाहेर काढला. या दोन गोष्टींचा संबंध तुम्हा नातवंडांना तिकडे बसून कळायचा नाही. लाखोरी उभ्या धानात फेकतात, जमिनीत ओल असताना. धान कापलं की ती वर डोकं काढते. ती खुडण्याजोगी झाली याचा अर्थ बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कोरड्या झाल्या, आणि बांध्या कोरड्या झाल्या की तुमच्या आजोबांपर्यंत चालत जाता येतं.

रोवणीपासून कापणीपर्यंत ते बेटावर असतात. चारही बाजूंनी चिखल आणि धान, मधे एक उंचवटा, उंचवट्यावर मोहाचं एक म्हातारं झाड आणि झाडाखाली आपली माणसं. आपल्या घराण्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. गावाचा मोठा मरघट वेगळा आहे; हा फक्त आपला. बिरसीच्या विमानतळापलीकडे, आपल्याच पूर्वजांनी बांधलेल्या तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाखाली. डोक्याशी एक गोटा उभा करायचा, बस. गोट्यावर नाव कोरायचं नाही. नाव कोरलं तर माणूस अडकून पडतो, त्याला पुढे जाता येत नाही, अशी समजूत.

आजोबांच्या डाव्या हाताला थोडी जागा मोकळी आहे. ती माझी आहे. त्यांनी आयुष्य गोंदियात काढलं आणि जाताना मात्र म्हणाले, पाळीखाली नेऊन ठेवा, आणि तूही ये सावकाश. घाई केली नाही मी. पण जागेवर डोळा ठेवून आहे.

डोळा ठेवावा लागतो, कारण कागदावर त्या जमिनीत माझा तीळभरही हक्क नाही. आजोबांना नोकरी लागली तेव्हा त्यांनी आपला हिस्सा मोठ्या भावाला सोडून दिला. आता ती त्या भावाच्या दोन मुलांची: नामदेव, जो गावात राहून शेती करतो, आणि सुधाकर, जो नागपूरला असतो. सातबाऱ्यावर मरघटाचा उल्लेखही नाही. तेवढ्या तुकड्याला तिथे ‘पोटखराब’ म्हणतात, म्हणजे शेताच्या पोटातली अशी जागा जिथे काही पिकत नाही. सरकारदरबारी तुमचे आजोबा पोटखराबात आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. नंतर कधी हसले नाही.

मी सांगते आहे तो हंगाम तीन-चार वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी धान चांगलं आलं होतं. बांध्यांतून कापलेल्या धानाचा तो विशिष्ट वास येत होता, थोडा गोड, थोडा धुळीचा, नाकात बसला की दुपारभर जात नाही असा. पेंढ्यांचे पुंजणे रचले जात होते. वर आभाळात विमान शिकणाऱ्या पोरांची लहानगी विमानं त्याच त्या गोलात फिरत होती. आवाज आला की बाया विळे थांबवून वर बघत आणि पुन्हा खाली वाकत. आणि रस्त्याच्या कडेने प्लॉटच्या पाट्या पुढे सरकत होत्या. आदल्या हंगामात त्या फाट्यावर होत्या. त्या हंगामात आमच्या तलावाच्या वळणावर आल्या.

सुधाकरला नागपुरात फ्लॅट घ्यायचा आहे आणि तो जमीन विकायच्या मागे लागला आहे, हे मला एका लग्नात कळलं. ज्यांनी सांगितलं त्यांनी आवाज खाली करून सांगितलं, त्यावरूनच ओळखलं की गोष्ट खरी आहे. मी ठरवलं, जमीन जाईल तेव्हा जाईल, पण त्याआधी तिथे कोण कोण निजलं आहे याची नोंद झाली पाहिजे. कोणता गोटा कोणाचा, कुठून किती फुटांवर, कोणत्या दिशेला. इंग्रजीची प्राध्यापक असले तरी आखलेल्या रकान्यांवर माझा विश्वास आहे. शिवाय परीक्षेच्या हॉलमधे इतकी वर्षं उभी राहिले आहे की संशय घेणं हा माझा पगारी धंदाच होता. जो मुलगा फार शांत बसतो त्याच्या बाकाखाली आधी बघावं, हे मला कोणी शिकवलं नाही.

टेप घेऊन पहिल्या दिवशी उंचवट्यावर गेले, तर अर्ध्या तासात शेताच्या कडेच्या धुऱ्यावर तीन माणसं उभी.

“काऊन मोजून राहिल्या जी मॅडम?”

“नोंद करते आहे.”

“कायची नोंद?”

“कोण कुठे आहे त्याची.”

“थे तं मेले न जी. आता कुठी जातीन?”

दुसरा म्हणाला, “अबे, विकाले काढलं असंन. टेप आला म्हनजे जमीन चालली.” तिसऱ्याने मोबाइल काढून माझा फोटो घेतला. मी पण माझा मोबाइल काढला आणि त्याचा फोटो घेतला. मग आम्ही दोघंही थोडे ओशाळलो.

गावाला संशय, की मास्तरीणबाई हिस्सा मागायला आली. नामदेवला संशय, की सुधाकरने मला पाठवलं. सुधाकरने फोन करून अगदी गोड आवाजात विचारलं, “काकू, या वयात उन्हात कशाला जाता?” त्याच्या गोड आवाजाचा मला संशय. आणि सगळ्यांत मोठा संशय मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, नामदेव-सुधाकरची आई. कंबर वाकलेली, पण जीभ ताठ. मरघटातली सगळी नावं फक्त त्यांना ठाऊक.

मी पेन्सिल घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसले. मोहाच्या बुंध्याजवळचा पहिला गोटा कोणाचा? म्हणाल्या, “सिताराम.” लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा विचारलं. म्हणाल्या, “लक्षुमन.” तिसऱ्या दिवशी तो गोटा एका बाईचा झाला होता.

“मोठ्या बाई, काल तर तुम्ही लक्ष्मण म्हणालात.”

“मंग? तू लिवलं का?”

“लिहिलं ना.”

“लिव, लिव. कागदावर चढलेलं मानूस खाली उतरत नाई. खरं नाव देऊन मी काय त्याले तहसीलीत उभा करू?”

म्हणजे त्या मला मुद्दाम चुकीची नावं देत होत्या. मी रागावले, आणि मनातल्या मनात त्यांना थोडे गुणही दिले. असा उमेदवार मला हॉलमधे कधी पकडता आला नसता.

त्याच आठवड्यात गोट्याला चुना लागला.

सगळ्या गोट्यांना नाही, एकालाच. कडेला, बाकीच्यांपासून जरा दूर असलेल्या बुटक्या गोट्याला. एका सकाळी गेले तर तो पांढराशुभ्र. भोवतालचं गवत खुरपलेलं. दोन दिवसांनी वर शेंदूर आला. मग झेंडूची माळ, मग फांदीला बांधलेली लाल झेंडी. या गोष्टी कोणत्या क्रमाने येतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आज चुना, उद्या झेंडी, परवा टिनाचं शेड, आणि पुढच्या वर्षी वर्गणी मागायला मंडळ. कोणीतरी आपल्या मरघटात देव बसवत होता. देव बसवणाऱ्याला जागा हवी असते, आणि सर्वांत जवळची मोकळी जागा माझी होती.

कोण असेल, याचा मी घरी बसून फार विचार केला. गावातला कोणी? शेजारच्या शेताचा मालक? सुधाकरने कोणाला हाताशी धरलं असेल? उन्हं कलल्यावर मुद्दाम जाऊन पाळीवर बसायची, कोणी येतं का बघत. तलावात पाणी बरंच खाली गेलेलं असे, काठाच्या चिखलावर बगळ्यांची नक्षी. समोर बांध्यांमधे उरलेले धसकटांचे ठोंब, त्यांच्या मधून लाखोरीचं हिरवं, आणि माझ्याकडे बघून पटकन नजर फिरवणारी माणसं. मी त्यांच्यावर पाळत ठेवत होते आणि ती माझ्यावर. इतक्या सुंदर संध्याकाळी मी आयुष्यात इतक्या वाईट मनाने कधी पाहिल्या नाहीत.

मग ‘नवं’ आलं. मळणी झाली की नव्या तांदळाचा पहिला भात आपण खाण्याआधी मरघटात नेतात. पळसाच्या पानावर चिमूटभर भात, त्यावर गुळाचा खडा, प्रत्येक गोट्यापुढे एक. पान ठेवायचं थोरल्या सुनेने. ठेवताना ती वाकते आणि त्या माणसाचं नाव गोट्यापाशी तोंड नेऊन सांगते, की तुझ्या वाट्याचं आणलं. इतकं हळू की मागे उभ्या असलेल्यालाही ऐकू येऊ नये. थोरलीला वाकवेनासं झालं की मगच ती ती नावं धाकटीच्या कानात घालते. कोरलेल्या अक्षरांपेक्षा ही पद्धत पक्की की कच्ची, मला अजून ठरवता आलेलं नाही. एक बाई दोन पावसाळे आधी गेली की सगळं गेलं.

त्या दिवशी मी पानांची परडी घेऊन मोठ्या बाईंच्या अगदी अंगाला लागून चालले. त्या वाकल्या की मी वाकायची. त्यांनी एकदा डोळे वटारले, पण देवाच्या कामात भांडता येत नव्हतं, आणि मेलेल्यांपुढे त्या खोटं बोलणार नव्हत्या. बुंध्याजवळचा गोटा सिताराम नव्हता, लक्ष्मणही नव्हता. तो कोण, हे मी इथे लिहीत नाही. ते तुमच्या बाबाजवळ वेगळं ठेवलं आहे. आजोबांच्या गोट्यापाशी त्या थांबल्या आणि पान माझ्या हातात दिलं. “याचं तू सांग.” मी सांगितलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची सवय आमच्या पिढीला नाही.

शेवटी आम्ही त्या चुन्याच्या गोट्यापाशी आलो. मोठ्या बाईंनी शेंदूर पाहिला, झेंडी पाहिली. आणि त्यांनी तिथे नाव हळू सांगितलं नाही. सगळ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

“तुळसा! तुळसा हाये हे! मानसाच्या पोरीले देव करून ठेवलं कोन्या बेशरमानं?”

तुळसा म्हणजे तुमच्या आजोबांची आत्या. तिची गोष्ट लहान आहे. सासरी गेली, तिथे तिला कोणी नीट ठेवलं नाही, ती आजारी होऊन माहेरी परत आली आणि इथेच गेली. लग्न झालेल्या मुलीची जागा सासरच्या मातीत. पण ते न्यायला आले नाहीत, म्हणून तिच्या बापाने तिला आपल्यात ठेवलं, फक्त जरा कडेला. तेवढंच.

नामदेव भाताचं पातेलं धरून मागे उभा होता. तो खाली बघत म्हणाला, “माय, मी लावला चुना.”

मोठ्या बाईंनी परडीतलं पान त्याला फेकून मारलं.

“आयकून तं घे! सुधाकर आयकत नाई. गिऱ्हाईक आनून राहिला. मरघट म्हनलं तं जेसीबी लावतीन न दोन तासात साफ. देव म्हनलं तं कोनाची हिंमत हाये का हात लावाची? कडेचा गोटा, म्हनून थो घेतला. मातामाय हाये म्हनून सांगतो. म्हनजे सगळेच वाचतीन.”

“आनं तुळसा?”

“तिचं काय बिघडलं? मेल्यावर तरी कोनी हात जोडून राहिलं तिले.”

यावर मोठ्या बाईंनी पडलेलं पान उचलून तुळसापुढे ठेवलं. मला मात्र विश्वास बसला नाही. नामदेव शांत मुलगा, आणि शांत मुलांबद्दलचं माझं मत मी वर लिहिलंच आहे. मला वाटलं, हा देव मरघट वाचवायला बसवला की भाव चढवायला?

थोड्याच दिवसांनी त्याचा फोन आला. “काकू, उद्या सकारी या. तुमचं मोजायचं राहिलं असंन तं करून घ्या.” आवाजात काही नव्हतं. मी रिक्षा करून गेले, टेप लावून बसते न बसते, तोच पाळीवर पांढरी गाडी थांबली आणि लेआउटवाले शेठ उतरले. नामदेवने मला हे सांगितलं नव्हतं.

शेठ भले गृहस्थ होते, हे मान्य केलं पाहिजे. झेंडी दिसताच त्यांनी बूट काढले, अनवाणी धसकटांतून चालत आले, तुळसाला वाकून नमस्कार केला आणि मग मला.

“मॅडमजी, नामदेव बता रहा था, आपने पूरी जगह का अध्ययन किया है. माता का स्थान कितना पुराना होगा?”

डोक्यावरून एक विमान गेलं. तो आवाज विरेपर्यंत आम्ही सगळे थांबलो, आणि तेवढाच वेळ मला विचार करायला मिळाला. मी नामदेवकडे पाहिलं. तो धुऱ्यावरची काडी पायाच्या अंगठ्याने उकरत होता. एक शब्द बोलले असते, ‘बहुत पुराना’, तर कदाचित काम झालं असतं. मला तो शब्द बोलायचा होता. माझी स्वतःची जागा पणाला लागली होती, आणि खोटं बोलायला मी किती तयार झाले होते हे तुम्हाला कळलं तर तुमचं माझ्याबद्दलचं मत बदलेल.

तेवढ्यात शेठच पुढे बोलले. “आप चिंता मत कीजिए. मंदिर हम बना के देंगे. टाइल्स, शिखर, लाइट, सब. लेआउट में मंदिर हो तो परिवारवाले लोग आते हैं. बस ये बाकी के पत्थर-वत्थर साफ करवा देंगे, यहाँ गार्डन अच्छा लगेगा.”

त्यांनी हात केला तो आजोबांच्या गोट्याकडे.

“वो पत्थर नहीं है,” मी म्हटलं. “वो मेरे पति हैं.”

शेठना वाटलं असावं की वयामुळे माझा तोल गेला आहे. ते समजुतीने हसले. मग मी त्यांना इनव्हिजिलेटरच्या आवाजात सगळं सांगितलं. हे माझे सासरे. ह्या सासूबाई. हे सासऱ्यांचे वडील. जिच्या पाया तुम्ही पडलात ती माझी आतेसासू, तुळसा. ती देवी नव्हती, आजारी बाई होती. आणि तुम्ही आता उभे आहात ती जागा माझी आहे. अजून रिकामी आहे, पण फार दिवस राहील असं नाही.

शेठनी आधी उजवा पाय उचलला, मग डावा. “ये मरघट है?” ते नामदेवला म्हणाले. “तूने बोला, माता का स्थान. अरे, मुर्दों के बीच में प्लॉट कौन लेगा? बच्चों के झूले लगाने थे यहाँ!” बूट न घालताच ते झपाझप निघाले. गाडीपाशी पोचल्यावर त्यांनी ड्रायव्हरकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि दोन्ही पाय धुतले.

देवाला लोक जागा करून देतात आणि मेलेल्या माणसापासून लांब जागा घेतात. इतक्या वर्षांत हे मला कसं सुचलं नाही? आणि नामदेवला सुचलं होतं की नव्हतं?

हाच माझा त्या हंगामाचा प्रश्न आहे, आणि तो अजून सुटलेला नाही. त्या सकाळी त्याने मला का बोलावलं? शिकलेल्या बाईने देवीला पुरावा द्यावा म्हणून? की त्याला पक्कं ठाऊक होतं की शेठ गोट्यांना हात लावायचं बोलतील, मी भडकेन, आणि जे त्याला भावाच्या धाकाने बोलता येत नव्हतं ते मी बोलून टाकेन? गाडी गेल्यावर तो धुऱ्यावर जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडला, “काकू, माहा सौदा मोडला तुमी!” ओरडणं खरं वाटलं. पण मग तो खाली बसला आणि ओल्या फडक्याने तुळसाचा शेंदूर पुसू लागला, अगदी सावकाश, लहान पोराच्या कानामागचं पुसावं तसं.

“तुला हे आधीच माहीत होतं का रे?” मी विचारलं.

“तुमी मास्तरीन, काकू. तुमाले सगळ्याचंच उत्तर पायजे.”

मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “माह्या पोटचा हाये. मले नाई समजला, तुले काय समजन?”

सुधाकरने वर्षभर माझ्याशी अबोला धरला. माझी नोंद पूर्ण झाली. नकाशा तुमच्या बाबाकडे आहे. पण तेव्हापासून दर वर्षी लाखोरी वर आली की मी आधी धसकून उठते. बांध्या कोरड्या झाल्या म्हणजे मला जाता येतं, तसंच जेसीबीलाही.

काल गेले. लांबूनच काहीतरी बदललेलं दिसलं. उंचवट्याभोवती नवी माती होती. जवळ गेले तर तो बांध होता, चांगला रुंद, चोपून बसवलेला, तलावाच्या पाळीची लहान आवृत्तीच. नामदेव फावडं घेऊन त्याचं शेवटचं टोक बसवत होता. बांध मोहाच्या झाडाला, सगळ्या गोट्यांना आणि कडेच्या तुळसालाही आत घेऊन गेला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी नजर सवयीने रकान्यात गेली. आहेत त्या गोट्यांना लागते त्याहून जास्त जागा बांधाच्या आत होती. बरीच जास्त, आणि सगळी पूर्वेकडून, म्हणजे सुधाकरच्या वाट्याच्या बाजूने.

“नामदेव, हा बांध पुढे सरकला आहे.”

“हो.”

“सुधाकरच्या हिश्श्यात गेला आहे.”

“गेला न.”

“इतकी जागा कशाला हवी आहे तुला?”

त्याने फावडं मातीत रोवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढं शिकून या बाईला साधी गोष्ट कळत नाही.

“आमाले मराचं नाई का, काकू?”

मग त्याने मला दाखवलं. माय इथं, बाबांजवळ. तो स्वतः तुळसाच्या बाजूला, तिच्याजवळ कोणी नाही म्हणून. आणि ती पूर्वेकडची?

“सुधाकरची. त्याच्याच हिश्श्यातून घेतली, त्याचीच हाये. आला तं आला.”

तिच्याही पलीकडे, बांधाच्या आत, अजून थोडी जागा उरत होती. लाखोरी तिथे दाट आली होती. ती कोणासाठी ठेवली आहे, हे मी त्याला विचारलं नाही.